भाकरीच्या वेळेचं विमान

मास्तरीण म्हणून भोंगवलीला नेमणूक झाली आणि मी खोली शोधायला निघाले, तेव्हा प्रत्येक दारात मला आधी आडनाव विचारलं गेलं. एका माणसानं फक्त वजन विचारलं.

"किती भरता?" ओसरीवर उभा असलेला तो उंच, वाळका म्हातारा म्हणाला.

"म्हणजे?"

"वजन किती तुमचं? आणि त्या ट्रंकेचं वेगळं सांगा."

आडनाव ऐकल्याबरोबर गावातल्या खोल्या एकाएकी पाहुण्यांसाठी राखीव होताना मी सकाळपासून पाहत होते. आम्ही बौद्ध. त्याची सवय होती म्हणा, पण ऊन डोक्यावर आलं होतं आणि माझं डोकं मुळातच लवकर तापतं. मी म्हटलं, "खोली द्यायचीय का मला बाजारात विकायचंय?"

ते हसले नाहीत. माडीकडे बोट करून म्हणाले, "वरच्या तुळया जुन्या आहेत. ट्रंक भिंतीला लावून ठेवायची. कॉट मधोमध टाकायची नाही. बाकी मला काही विचारायचं नाही."

आणि खरंच, आडनाव त्यांनी पुढंही कधीच विचारलं नाही. माझी पत्रं त्यांच्याच हातात पडायची, तेव्हा आडनाव त्यांना ठाऊक असणारच. पण ते मला 'बाई' म्हणत आणि मी त्यांना 'कॅप्टनसाहेब'. गाव त्यांना 'इमानवाले' म्हणायचं.

एका विमान कंपनीत त्यांनी उभी हयात काढली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनलेलं, दोन पंख्यांचं एक प्रवासी विमान होतं. तेवढ्या एकाच बनावटीचं विमान ते आयुष्यभर उडवत राहिले. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या या घरी येऊन राहिले. बायको पुण्याला भावाकडे होती. भांडण वगैरे काही नव्हतं. "ती म्हणाली, तुम्ही घरी असलात तरी वरच असता," हे त्यांनीच मला एकदा सांगितलं, आणि लगेच विचारलं की माझ्या खिडकीची कडी नीट बसते का.

सकाळी उठलं की त्यांची फेरी सुरू व्हायची. अंगणात लढाईनंतरच्या लिलावातली एक जीप होती. तिच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून ते पूर्ण एक फेरा घालत. टायर, दिवा, बिजागरी, खालची स्प्रिंग, सगळ्याला तळहात लावत. मग तोच हात घराच्या खांबांवर, रहाटाच्या दोरावर, आमच्या माडीच्या जिन्यावर फिरायचा. उड्डाणाआधी वैमानिकानं विमानाभोवती असा फेरा घालायचा असतो म्हणे. विमान सुटलं तरी त्यांचा फेरा काही सुटला नव्हता. त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं: "हात लावल्याशिवाय भरवसा ठेवायचा नाही, आणि हात लावल्यावर शंका घ्यायची नाही."

सारोळ्याच्या थांब्यावर एसटी आली की तिच्याभोवतीही ते फेरा घालत. आत माणसं उकडून निघायची. एका ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "आवो कप्तानसायेब, परदक्षिना झाली आसंल तर बसा आता. देव न्हाई, गाडी हाय ती!" साहेबांनी शांतपणे उरलेली बाजू पूर्ण केली आणि मग चढले. चढल्यावर, विमानाचा तोल सांभाळायच्या सवयीनं, पुढच्या सीटवरच्या दोन जाड्या माणसांना मागं जायला सांगितलं. त्यावरून जे भांडण पेटलं ते कापूरहोळपर्यंत पुरलं. मी खिडकीबाहेर बघत, हा माणूस माझ्या ओळखीचा नाही असं दाखवत बसले.

त्यांच्या घरी स्वयंपाकाला हौसाबाई यायच्या. नवरा वारलेला, तुकडाभर रान, एक म्हैस आणि तोफखान्यासारखं तोंड. सुरुवातीला त्यांनी माझा पेला फळीवर बाजूला पालथा घालून ठेवला होता. एका सकाळी साहेबांनी तोच पेला उचलला, त्यात पाणी घेतलं, प्यायले आणि स्वतःच्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. हौसाबाई दोन दिवस घुश्श्यात होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळच येऊन गाऱ्हाणं करायला लागल्या, "बाई, बाजाराला जाताना मला मेलीला जीपच्या मदी बसिवत्यात आन् दोन्ही बाजूला पोती. मी काय मापाचा दगुड हाय व्हय?" तिथून आमची गट्टी जमली.

पण या माणसाचं खरं जगणं दिवसातून एकदाच असायचं. दुपारी.

मुंबईहून दक्षिणेकडं जाणारं त्यांच्याच जुन्या बनावटीचं विमान भर दुपारी आमच्या डोक्यावरून जायचं. गावाला त्याची इतकी सवय की मळ्यात खुरपणाऱ्या बायका त्याच्यावर भाकरी सोडायच्या. "इमान गेलं गं, उठा," अशी हाक व्हायची आणि बांधावर फडकी उघडायची. शाळेचं घड्याळ दुरुस्तीला गेलं ते तिकडंच राहिलं होतं, त्यामुळं मधली सुट्टीही मी त्याच्यावरच द्यायची. सगळं गाव वर बघायचं. साहेब तेवढे कधी वर बघायचे नाहीत. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहायचे. आवाज पार डोंगराआड गेला की डोळे उघडायचे आणि जो कुणी जवळ असेल त्याला सांगायचे, "डावं इंजिन जरा खोकतंय." नाहीतर, "दोन्ही ठीक."

विमान बहुतेक दिवशी दिनकर चालवायचा. त्यांनीच शिकवून तयार केलेला पोरगेला वैमानिक. तो आणि आणखी दोघे जुने सोबती कधीमधी रविवारी मुंबईहून मोटार घेऊन यायचे. त्या दिवशी साहेब दाढी करायचे, हौसाबाईंना पिठल्यात मिरच्या बेतानं टाका म्हणून तीनदा बजावायचे, आणि सकाळपासून फाटकाशी उगाच काहीतरी ठोकत बसायचे. मला त्यांची कीव यायची, सरळ सांगते. चार तासांच्या पाहुण्यांसाठी हा माणूस महिनाभर जगायचा.

अशाच एका रविवारी चिंचेखाली मोठा वाद झाला. मी वह्या तपासायला ओसरीवर बसले होते, पण एकही वही तपासून झाली नाही.

विमानाला उडायला सरकारचा दाखला लागतो, हे मला तेव्हा कळलं. आता प्रश्न एखाद्या विमानाचा नव्हता. ही बनावटच म्हातारी झाली. तिला प्रवासी नेण्याचा दाखला पुढं द्यायचा की कायमचा बंद करायचा, हे ठरायचं होतं. पुढच्या महिन्यात मुंबईला बैठक होती आणि तिथं वैमानिकांचं मत घेणार होते. त्या विमानावर साहेबांइतकी उड्डाणं कुणाचीच नव्हती. ते जे बोलतील त्याला वजन येणार, हे चौघांनाही माहीत होतं.

"धातू थकतो," सोबत्यांपैकी एक, चष्मेवाले, म्हणाले. "आतून थकतो. वरून दिसत नाही."

"माणूस थकतो," साहेब म्हणाले. "यंत्र म्हातारं होत नाही, माणूस आळशी होतो. ज्यांनी निगा राखली नाही त्यांचे दाखले काढून घ्या ना! माझी जीप बघा. हिच्या वयाच्या किती जिपा भंगारात गेल्या?"

"बरोबर!" तिसरे, अंगानं दांडगे होते, त्यांनी मांडीवर थाप मारली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि हे बघ, नव्या विमानाचं शिक्षण माझ्या वयाच्या माणसाला कोण देतो? हे विमान बंद झालं की मी घरी बसलो. मुलगी लग्नाची आहे माझी."

"मी आहे ना. मी बोलेन बैठकीत," साहेब म्हणाले. "शब्द देतो तुला."

दिनकर इतका वेळ शेंगा सोलत होता. चष्मेवाल्यांनी त्याला डिवचलं, "तू रोज उडवतोस. तू बोल की."

"सर, मला ते विमान फार आवडतं," तो साहेबांकडे बघून म्हणाला. "पण मागं बसलेल्यांना कुणी विचारलंय का?"

तेवढ्यात हौसाबाई भाकरी वाढायला आल्या. सगळं कानावर पडतच होतं त्यांच्या. म्हणाल्या, "माज्या म्हशीला कुनी दाकला न्हाई मागितला. दूद देतीया तवर दावनीला हाय."

"ऐकलंत?" दांडगे खूश झाले.

"आणि मावशी, म्हैस मधेच बसली तर?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"बसली तर बसली. म्हशीवर बसून कोन परगावी जातंय?"

दिनकर हसला. साहेब मात्र ताटातून मान वर न करताच म्हणाले, "हौसाबाई, पिठलं तिखट झालंय."

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी माझ्या चौथीच्या मुलांची भोरला स्कॉलरशिपची परीक्षा होती. एसटीचा भरवसा नको म्हणून साहेब म्हणाले, मी नेतो. सकाळी अंगणात धान्याचा मोठा तराजू टांगला होता. एकेक पोर पारड्यात बसवून, वजन बघून, कुणी कुठं बसायचं ते त्यांनी ठरवलं. पोरांना ती जत्राच वाटली. मी चिडून म्हटलं, "अहो, पेपर चुकेल!" त्यांनी ऐकलं नाही. मग फेरा झाला. डाव्या चाकापासून, नेहमीसारखा. वाकून मागच्या स्प्रिंगवर हात ठेवला, उठले आणि म्हणाले, "बसा."

जीप ते बैलगाडीच्या चालीनं चालवत, म्हणून आम्ही वाचलो. कापूरहोळच्या अलीकडं एका वळणावर मागून कडाड असा आवाज झाला, जीप एका बाजूला ओढली गेली आणि रस्ता सोडून नांगरलेल्या रानात शिरली. पोरं एकमेकांवर पडली. धूळ खाली बसली तेव्हा सुमन नावाच्या मुलीची हनुवटी फुटलेली होती, बाकी सगळे खरचटण्यावर निभावले. साहेबांनी एकेका पोराला उतरवलं, प्रत्येकाच्या डोक्यावरून, हातापायांवरून हात फिरवला. मग ते जीपखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आम्हाला एका टेम्पोवाल्यानं भोरला पोचवलं. सुमननं हनुवटीला पट्टी बांधून पेपर लिहिला. गावात कुणी साहेबांना बोल लावला नाही. सुमनचे वडील उलट म्हणाले, "गाडी हाय, मोडायचीच. तुमी होता म्हनून पोरं घरी आली."

मी संध्याकाळी परतले तेव्हा साहेब ओसरीवर बसले होते. मांडीवर जीपच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा होता. हातभर लांबीचा, जाड, लोखंडी.

"हे बघा बाई," ते म्हणाले. तुटलेल्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. "हा काळा भाग दिसतो? ही भेग जुनी आहे. कधीची कोण जाणे. आणि एवढाच हा चकचकीत, हा आजचा. एवढ्याशावर ती उभी होती."

"पण तुम्ही तर रोज हात लावता."

"लावतो ना. आजही लावला. आणि पोरांना बसा म्हटलं." त्यांनी पाटा उलटा केला. वर हिरवा रंग होता, एकावर एक बसलेला. "दर दसऱ्याला रंग देतो मी. ही भेग माझ्या रंगाखाली होती."

कुणाला धीर देणं मला कधी नीट जमलेलंच नाही. मी म्हटलं, "चहा करू का?"

"हयगय झाली असती ना, तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "हयगय मी केलेली नाही, बाई." आणि तो माणूस माझ्यासमोर रडला. आवाज न करता, पाटा मांडीवर तसाच धरून.

बैठकीला ते एसटीनं गेले. सारोळ्याला मी पोचवायला गेले होते. त्या दिवशी त्यांनी एसटीला फेरा घातला नाही. कापडी पिशवीत पाटा घेऊन सरळ चढले आणि रिकाम्या दिसलेल्या पहिल्या सीटवर बसले. ड्रायव्हरनंच मागं वळून बघितलं.

बैठकीत काय झालं ते पुढं दिनकरनं सांगितलं. साहेबांची पाळी आल्यावर त्यांनी पाटा टेबलावर ठेवला. म्हणाले, "या बनावटीवर माझ्याइतकं प्रेम इथं कुणाचं नसेल. तिनं मला कधी दगा दिला नाही. पण हा पाटाही माझ्या हाताखालचा होता, आणि यावर मी लहान मुलं बसवली. माझ्या हाताला आतलं कळत नाही. तुमच्याही हाताला कळत नसेल. दाखला देऊ नका." एवढं बोलून खाली बसले. बाकीच्यांची मतं झाली, कागद वरती गेले, आणि काही महिन्यांनी हुकूम निघाला. त्या बनावटीनं प्रवासी न्यायचे नाहीत.

दांडगे एकदाच आले. फाटकाच्या आत आले नाहीत.

"शब्द दिला होतास मला," ते म्हणाले.

"दिला होता."

"मग?"

"तुला दिला होता. मागं बसणाऱ्यांना काय देऊ?" साहेब फाटकाकडे गेले. "आत ये. पाणी तरी घे. माझ्यावर राग काढ, पण आत बसून काढ."

ते पाणी न घेताच गेले. हौसाबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. चष्मेवाल्यांची बदली लांब कुठंतरी झाली. दिनकर नव्या विमानाच्या शिक्षणाला गेला; ते विमान उंचावरून, वेगळ्याच वाटेनं जायचं. रविवार रिकामे झाले. तरी साहेब काही दिवस दाढी करून फाटकाशी ठोकत बसत. ते बघून माझा जीव तुटायचा. दोन-चार रविवार मी मुद्दाम खाली येऊन त्यांच्याशी भांडण काढलं, तुळयांवरून, कॉटवरून. तेवढीच त्यांना सोबत.

विमान बंद झालं तो दिवस मला लख्ख आठवतो. खरं तर बंद होणार हे आम्हाला माहीत होतं, पण सवयीला कोण सांगणार? मी शाळेत गणितं घालत होते. पोरं चुळबुळ करायला लागली, एकजण म्हणाला, "बाई, भूक लागली." मी दरडावलं, "विमान गेलं का?" आणि जीभ चावली. घरी आले तर फाटकाशी मळ्यातल्या पाच-सहा बायका, हातात खुरपी, घामाघूम. ऊन कलायला लागलं होतं आणि त्यांनी अजून भाकरी सोडली नव्हती.

"कप्तानसायेब, आज इमान कसं न्हाई आलं?" एकीनं विचारलं. "पोटात कावळं वरडाय लागलं की."

साहेब जीपपाशी उभे होते. कापूरहोळहून नवा पाटा बसवून आणलेली जीप, पण त्यांनी ती त्यानंतर अंगणाबाहेर काढली नव्हती. त्यांचा हात बॉनेटवर होता. इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांना वर बघताना पाहिलं. निरभ्र आभाळ होतं. त्यात एक घार सोडून काही नव्हतं.

"आता यायचं नाही ते," साहेब म्हणाले.

"आगं बया! मंग आमी भाकरी कवा सोडायची?"

त्यांनी बॉनेटवरचा हात काढला. मग म्हणाले, "उद्यापासून मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी चिंचेच्या फांदीला तो तुटका पाटा तारेनं टांगलेला होता. भर दुपारी साहेबांनी त्यावर हातोडीनं टोला दिला. आवाज चांगला खणखणीत निघाला. मळ्यात ऐकू गेला, शाळेत ऐकू आला. हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "आता ह्ये बी यडच लागलं," म्हणाल्या. पण त्या दिवसापासून भाकरी वेळेवर सुटली, पोरांना सुट्टी वेळेवर मिळाली. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो, तो टोला त्यांनी चुकवला नाही. गाव हळूहळू विमान विसरलं. नव्या आलेल्या सुनांना वाटायचं, हितं पहिल्यापासून घंटाच आहे.

माझी वेल्ह्याला बदली झाली तेव्हा ट्रंक बांधून मी खाली आले. त्यांनी ट्रंक दोन हातांनी उचलून बघितली. "आली त्यापेक्षा जड झालीय," म्हणाले. मग वेळ झाली म्हणून चिंचेपाशी गेले आणि टोला दिला. हातोडी खाली ठेवून डोळे मिटून उभे राहिले, पूर्वी राहायचे तसेच, नाद पार विरेपर्यंत. रडू लपवायला मी नेहमीसारखी चेष्टा केली.

"काय कॅप्टनसाहेब, डावं खोकतंय का उजवं?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"दोन्ही बंद आहेत, बाई. माणसं उतरली."

खालच्या मळ्यात बायका बांधावर बसल्या आणि त्यांनी भाकरी सोडल्या.